सांधेबदल शस्त्रक्रियेपूर्वी : सिद्धता रुग्णाची आणि कुटुंबाची

(सेवाकार्यातील कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका अस्थिशल्यचिकित्सकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, शस्त्रक्रिया करायची ती शल्यचिकित्सकाने. मग त्यात रुग्णाने शिकण्यासारखे काय आहे? मोतीबिंदूच्या बाबतीत हा प्रश्न बऱ्याच अंशी रास्त ठरेल. गुडघ्याच्या बाबतीत तो तसा ठरत नाही. गुडघा बदलण्याचे काम शस्त्रक्रियागृहात दीड-दोन तासांत पूर्ण होते. मात्र तो बदललेला गुडघा चालता, वळता आणि भार पेलता करण्याचे काम पुढील तीन महिने चालते आणि त्यातील बहुतेक दिवस रुग्ण स्वतःच्या घरी असतो. तेथे ना शल्यचिकित्सक असतो, ना परिचारिका. तेथे असतात ते रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय. त्यांची सिद्धता कोणी करायची, हा आजचा विषय आहे.

चरकाचार्यांचा विचार

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रुग्ण. यांत वैद्याला प्रमुख स्थान दिले असले तरी प्रत्येक पादाचे चार-चार गुण सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठिकाणी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हवी. रुग्णाच्या ठिकाणी स्मृती, सूचना पाळण्याची वृत्ती, निर्भयता आणि आपले दुखणे नेमकेपणाने सांगण्याची क्षमता हवी.

प्राचीन काळी आपल्याकडे सांधे बदलले जात होते, असा दावा मी करीत नाही आणि तसा करण्याचे कारणही नाही. आधुनिक सांधेबदलाचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याच्या सांध्याची आपली पद्धती प्रस्थापित केली. गुडघ्याची आज रूढ असलेली रचना १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सिद्ध झाली आणि ती सिद्ध करणाऱ्यांमध्ये भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत हे एक होते. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर त्यांनीच शस्त्रक्रिया केली आणि पुढे जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावरही केली. त्या दिवसांपासून या शस्त्रक्रियेचे नाव भारतात घरोघर पोहोचले.

तरीही चरकाचार्यांची चौकट आजच्या रुग्णालयाला लावून पाहावी. पहिले दोन पाद, म्हणजे कुशल शल्यचिकित्सक आणि उत्तम साधने, आज जिल्ह्याच्या गावीही उपलब्ध होऊ लागले आहेत. उरलेल्या दोन पादांकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले आहे.

नेमके काय बदलते?

आपल्याकडे खुब्यापेक्षा गुडघ्याच्या शस्त्रक्रिया पुष्कळ अधिक होतात, म्हणून गुडघ्याचेच उदाहरण घेऊ. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर आणि नडगीच्या वरच्या टोकावर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता अशा कारणांनी ते झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. अनेकांची अशी समजूत असते की शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा कापून काढतात आणि त्या जागी लोखंडाचा सांधा बसवतात. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांवरील साधारणतः एक सेंटिमीटरच्या आसपासचा झिजलेला थर काढून तेथे धातूचे आवरण बसवले जाते आणि दोन्हींच्या मध्ये विशेष प्रकारच्या टणक प्लास्टिकची चकती ठेवली जाते. स्नायू आणि बाजूचे अस्थिबंध आपलेच राहतात. नवा सांधा चालवायचा तो याच जुन्या स्नायूंनी. म्हणून त्या स्नायूंची ताकद शस्त्रक्रियेच्या आधीपासून वाढवावी लागते.

आणखी एक गोष्ट. केवळ क्ष-किरण चित्र वाईट दिसते म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचे नियमित व्यायाम, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी घेणे, आवश्यक तेवढी औषधे, हे सर्व प्रामाणिकपणे करूनही चालणे, झोप आणि नित्याचे जीवन वेदनेने व्यापले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. अशा रुग्णांना तिचा लाभ फार मोठा होतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात.

मांडी घालून बसता येईल का?

एवढी यशस्वी शस्त्रक्रिया असूनही काही रुग्ण नाराज का राहतात? कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १,७०० रुग्णांच्या पाहणीत जवळजवळ पाचांपैकी एक जण समाधानी नव्हता. त्या असमाधानाचे सर्वांत प्रबळ कारण होते ते अपेक्षाभंगाचे.

आपल्याकडे हा अपेक्षाभंग जमिनीवर बसण्यापासून सुरू होतो. आपले जीवनच जमिनीशी जोडलेले आहे. देवपूजा पाटावर, जेवण पंगतीत, भजन सतरंजीवर, आणि आपल्या बैठकाही सतरंजीवर. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवर बसायला-उठायला, जिना चढायला-उतरायला तेवढे पुरते. मांडी घालायला किंवा उकिडवे बसायला त्याहून बरेच अधिक वाकणे लागते. काहींना ते जमते. तरीही कृत्रिम सांध्यावर येणारा ताण लक्षात घेऊन आम्ही बहुधा ते टाळायला सांगतो. शिवाय ज्याचा गुडघा आधीच आखडलेला आहे, त्याचा नंतरही तुलनेने कमीच वाकतो.

ही गोष्ट आधी सांगितली, तर रुग्ण विचार करतो, पर्याय शोधतो आणि बहुधा स्वीकारतोही. देवघर उंच करता येते, पूजा खुर्चीवर बसून करता येते. वारीला जाणाऱ्या माउली विचारतात, ‘‘डॉक्टर, पुन्हा पायी जाता येईल का?’’ चालणे हेच तर या शस्त्रक्रियेचे प्रयोजन आहे. पण सराव हळूहळू वाढवायचा आणि किती अंतर झेपेल हे तपासणीनंतर ठरवायचे. हीच मर्यादा शस्त्रक्रियेनंतर कळली, तर मात्र आपली फसवणूक झाली असे त्या रुग्णाला वाटते, आणि त्याचे ते वाटणे चुकीचे म्हणता येत नाही.

येथे कार्यकर्त्यांना एक सांगावेसे वाटते. आयुष्यभर सतरंजीवर बसलेला ज्येष्ठ स्वयंसेवक बैठकीत खुर्ची मागायला संकोचतो आणि संकोचापोटी एक तर गुडघ्यावर अत्याचार करतो किंवा बैठकीला येणेच सोडतो. त्याने मागण्याआधी खुर्ची मांडून ठेवणे हीदेखील सेवाच आहे.

संमती कोणाची?

माझ्या खोलीत अनेकदा घडणारा संवाद सांगतो. मी विचारतो, ‘‘आजी, शस्त्रक्रिया कशासाठी करायची ठरवलीत?’’ आजी मुलाकडे पाहतात. मुलगा उत्तर देतो, सून पुस्ती जोडते. आजींना मी पुन्हा विचारतो, तेव्हा त्या म्हणतात, ‘‘मुलगा म्हणतो म्हणून. मला काय कळतंय त्यातलं?’’ मुलाच्या मनात आईविषयी अपार प्रेम असते, यात शंका नाही. पण सकाळ-संध्याकाळ वेदना सोसून गुडघा वाकवायचा आहे तो आजींना. जो निर्णय त्यांचा नाही, त्यासाठी त्या ते कष्ट किती दिवस घेतील?

कायदाही येथे स्पष्ट आहे. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात सांगितले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिली पाहिजे, आणि रुग्ण सज्ञान व निर्णयक्षम असताना, जीव वाचवण्याची निकड नसेल तर, नातेवाइकाची संमती पुरेशी होत नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेला हे विरोधी आहे, असे मला वाटत नाही. ज्या घरात आईला देवासमान मानतात, त्या घराने तिच्या देहाविषयीचा निर्णय तिला समजावून, तिला विचारून घ्यावा, हे मातृभक्तीला धरूनच आहे.

आणखी एक कटू वास्तव नोंदवतो. गुडघ्याची झीज स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि पाय धनुष्यासारखे वाकेपर्यंत उपचारांना उशीर झालेल्या रुग्णांतही स्त्रिया पुष्कळ असतात. ‘वयाप्रमाणे दुखायचेच’ असे म्हणून त्या सोसत राहतात आणि घरालाही त्याची सवय होते. रुग्णशिक्षणाचा पहिला धडा म्हणूनच घरातील इतरांसाठी आहे : आई जिना का टाळते, हे विचारा.

शरीराची सिद्धता

शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी काही गोष्टी मार्गी लागल्या पाहिजेत. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करून ती आटोक्यात आणावी. रक्त कमी असेल तर ते भरून काढावे. किडलेला दात, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाच्या भेगा किंवा जखमा यांवर आधी उपचार करावेत. कारण शरीरात कोठेही असलेला जंतू नव्या सांध्यावर ठाण मांडू शकतो आणि मग तो काढणे अत्यंत अवघड होते. धूम्रपान, तंबाखू आणि आपल्याकडे आजींच्या पिढीत अजूनही आढळणारी मिश्री किमान चार आठवडे आधी सोडावी, कारण निकोटिनमुळे जखम भरण्यास विलंब होतो.

डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवाताची औषधे, काढे, ओळखीतून मिळालेल्या सांधेदुखीच्या पुड्या, सर्व काही घेऊन यावे. अशा अनामिक पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

व्यायाम आधीच शिकून घ्यावेत. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणे, सरळ पाय उचलून धरणे, घोटा वर-खाली हलवणे आणि वॉकर घेऊन चालणे, हे वेदना कमी असताना शिकणे सोपे असते. जिन्याचा नियमही पाठ करावा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

वेदनेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर पाठीतील भूल उतरली की दुखते, आणि पहिले काही आठवडे दुखत राहते. गुडघा काही महिने सुजरा आणि किंचित उष्ण वाटतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहते, चालताना कधी ‘टक्’ असा आवाज येतो. हे अपेक्षित आहे, हे ज्याला ठाऊक असते तो घाबरत नाही. चरकांनी सांगितलेली निर्भयता ती हीच. उलट पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे, ताप, वाढती लाली, व्रणातून स्राव, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले पाहिजे. जंतुसंसर्गाचा धोका शंभरांत एक-दोन इतका असला, तरी तो आहे, हे रुग्णाला माहीत असावे.

घराची आणि उपस्थात्याची सिद्धता

रुग्ण इस्पितळातून घरी येण्याच्या आधी घर तयार हवे. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणावी. जमिनीवरील अंथरुणाऐवजी पलंग, आणि हात टेकून उठता येईल अशी उंच, हातांची खुर्ची हवी. घसरणारी पायपुसणी, गालिचे, वायरी काढाव्यात. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा, पलंगापासून तेथपर्यंत रात्री दिवा ठेवावा. स्वयंपाकघरात रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणावेत. घर वरच्या मजल्यावर असून उद्वाहक नसेल, तर जिन्याचा सराव आधी करावा.

आता उपस्थाता. चरकांनी त्याच्या गुणांत अनुराग, म्हणजे प्रेम, सांगितले आहे. पण त्याच्या जोडीला ज्ञान आणि दक्षताही सांगितली आहे. आपल्या घरांत प्रेमाची उणीव क्वचितच असते. ‘‘आई, तुम्ही उठू नका, मी पाणी आणून देते,’’ असे सून मायेने म्हणते. मुलगा दुखऱ्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवतो. नातवंडे आजीला जागचे हलू देत नाहीत. पण गुडघ्याखाली सतत उशी राहिली तर गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, आणि न उठणाऱ्या रुग्णाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. त्याच सुनेने, ‘‘आई, वेदनेची गोळी घेऊन अर्धा तास झाला, आता व्यायाम करू. मी मोजते,’’ असे म्हटले, तर ती खरी उपस्थाता होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीला रुग्णासोबत जो प्रत्यक्ष घरी सांभाळणार आहे, त्यानेच यावे. केवळ पैसे भरणाऱ्याने येऊन भागत नाही.

खर्चाविषयी

मध्यमवर्गीय कुटुंबाला खर्चाची काळजी असते आणि ती विचारायची लाजही वाटते. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. त्यापूर्वी तोच सांधा दीड लाखाच्या आसपास पडत असे. त्यानंतरची चालू मर्यादा किती, सांध्याची किंमत देयकात स्वतंत्र दाखवली आहे का, हे अवश्य विचारावे आणि सांध्याच्या वेष्टनावरील माहितीपट्टी आपल्या कागदपत्रांत जपून ठेवावी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात कोणत्या नोंदणीकृत रुग्णालयात होईल, याची चौकशी आधी करावी.

कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

शेवटी एक प्रामाणिक शंका माझी मीच उपस्थित करतो. असे शिक्षण दिल्याने शस्त्रक्रियेचे फळ खरोखरच सुधारते काय? २०१४ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने १८ चाचण्यांतील १,४६३ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. वेदना किंवा हालचाल यांबाबत नेहमीच्या काळजीपेक्षा अधिक लाभ होतो असे ठामपणे दिसले नाही. मात्र त्यात अपाय नाही, आणि चिंताग्रस्त किंवा अवास्तव अपेक्षा बाळगणाऱ्या रुग्णांना ते उपयोगी ठरू शकते, असा निष्कर्ष निघाला. म्हणून मी कोणत्याही चमत्काराचे आश्वासन देत नाही. पण त्या चाचण्यांतील तुलना ‘नेहमीच्या काळजी’शी होती. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे मिळणाऱ्या आपल्या रुग्णाला ती नेहमीची काळजी तरी मिळते काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. शिवाय आपल्या देहावर काय होणार आहे, हे जाणून घेण्याचा अधिकार फलाच्या टक्केवारीवर अवलंबून नसतो.

या कामाला मोठा निधी लागत नाही. अनेक गावांत आपली रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे वॉकर, कमोडच्या खुर्च्या आणि पलंग अल्प अनामत घेऊन देतात. ते साहित्य देताना वॉकरची उंची रुग्णाच्या मनगटाशी जुळवून देणे आणि तो कसा धरायचा हे दाखवणे, एवढे जरी झाले तरी केंद्राचे काम दुप्पट होईल. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, मंदिरांची सभागृहे येथे महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला बोलावून शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा एक तासाचा वर्ग घेता येईल. त्या वर्गात ज्यांची शस्त्रक्रिया होऊन वर्ष लोटले आहे, अशा एखाद्या आजींना अवश्य बोलवावे. पहिल्या पंधरा दिवसांचे कष्ट आणि त्यानंतरचा आराम यांविषयी त्यांच्या तोंडून आलेले चार शब्द आमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक काम करतात. सेवावस्तीतील भगिनी अशा वर्गापासून दूर राहणार नाहीत, याची जबाबदारी मात्र कार्यकर्त्यांनी घ्यावी. कारण ज्यांचे पोट उभे राहून करायच्या कामावर आहे, त्यांच्या गुडघ्याची किंमत सर्वांत अधिक आहे.

दोन पाद आम्ही वैद्यक व्यावसायिक सांभाळू. उरलेले दोन घराघरांत सिद्ध करण्याचे काम आपण हाती घ्यावे, एवढी विनंती करतो आणि येथेच थांबतो.

भारत माता की जय!